गल्लीनं ऐकलेलं नाव

जयपूर, मे १९६३

अहो,

नमस्कार. तुम्ही बिकानेरला ऑडिटला गेलात आणि घर मुकं झालं. तसं तुम्ही असतानाही मला कुठे काय ऐकू येतं म्हणा.

तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी दाराला आतून कडी होती. तुम्ही नेहमीसारखे बाहेर खाकरत उभे, भर उन्हात, आणि मी आत डाळ निवडत बसलेले. शेवटी शेजारच्या माथुरांच्या भाभीजी त्यांच्या गच्चीवरून आपल्या गच्चीवर येऊन जिन्यानं खाली उतरल्या आणि मला हलवून म्हणाल्या, "भाईसाहब कब से पुकार रहे हैं, आपका नाम लेकर." मी दार उघडलं. तुम्ही घामाघूम, थेट माठाकडे गेलात. मी पुन्हा डाळ निवडायला बसले.

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नाव लिहिलंत, पण तोंडानं कधी घेतलं नाहीत. सगळा संसार "अगं"वर झाला. आणि घेतलंत तेव्हा अख्ख्या गल्लीनं ऐकलं, मी सोडून.

वयानं कान जातात, डॉक्टरकडे चल, म्हणून वर्षभर मागे लागलात. मी झिडकारलं. छातीशी डबी आणि कानात वायर लावून मला म्हातारी दिसायचं नव्हतं. आता येते, मुकाट्यानं येते.

यंत्र बसलं की दार लावून घ्या आणि एकदा हाक मारा. हळू मारलीत तरी चालेल.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत तर लाजून पुन्हा खाकरतच बसाल.

तुम्ही तांदळात लिहिलेली,
इंदुमती