वर्गातला सापळा

टॅमरॅक बेंड
शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रिय डेल,

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. तुम्ही दोघं बरे आहात असं धरून चालते. कॅरनच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते मात्र लिहायला विसरलास, ते कळव. इकडे ठीक आहे. दोनदा बर्फ पडला आणि दोनदा विरघळला, अंगणात नुसता चिखल आहे. आज हरणांचा हंगाम उघडला. उजाडल्यापासून चारी बाजूंनी बंदुका वाजतायत, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी या दिवशी घरात बसून पत्र लिहितेय.

फोन उचलत नाही म्हणून तू चिडलायस. उचलून करू काय? फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, पाळण्यात होतास तेव्हापासून तुझी ही खोड. कागदावर निदान मध्ये तोंड घालता येत नाही.

कॅरनच्या भावाकडे सेटर जातीच्या शिकारी कुत्रीला पिल्लं झालीत, त्यातलं एक आणतो म्हणतोस. आणू नकोस. आणलंस तर तुझ्याच गाडीत परत बसवीन. हेझलला जाऊन दोन आठवडेही झाले नाहीत. तिच्यासाठी बाजूला काढलेली रानकोंबड्यांची काळजं अजून फ्रीझरमध्ये पडून आहेत, आणि तू मला पिल्लू देतोस. चहा सांडला म्हणून दुसरा कप पुढे करावा तसं.

आता तुझ्या पत्रातला खरा मुद्दा. एकवीस तारखेला शाळेच्या व्यायामशाळेत सरकारी समिती येणार. सापळ्याच्या पेट्या जमिनीवरच राहू द्यायच्या की झाडाला पाच फुटांवर ठोकायच्या, यावर लोकांचं म्हणणं ऐकणार. आणि मी तिथं दरवर्षी सापळेवाल्यांच्या क्लबच्या वर्गात राहते तसं टेबलापाशी उभं राहून कापडाच्या कुत्र्याच्या गळ्यातला सापळा एका मिनिटात सोडवून दाखवावा अशी तुझी इच्छा आहे. वर लिहितोस, 'तुझ्याच कुत्रीचं असं झालंय, तरी तू आपल्या बाजूनं उभी राहिलीस की समोरच्यांची तोंडं आपोआप बंद होतील.' डेल, हे वाक्य तू लिहिलंस, परत वाचलंस आणि तरी पाकिटात घातलंस? काही वाटलं नाही रे तुला?

मी दाखवणार नाही. क्लबला सांग, व्हर्नाला सर्दी झालीय, व्हर्नाला वेड लागलंय, काय सांगायचं ते सांग.

सापळा तुझा होता म्हणून मी डूख धरून बसलेय असं समजू नकोस. पट्टीवरचं तुझं नाव वाचलं तेव्हाही मनात तसं आलं नाही. सरकारी जंगल, रॅकूनचा हंगाम चालू, लाकडी पेटी, आत शिळी मासळी, तोंडाशी गळा आवळणारा सापळा, त्यावर नावापत्त्याची पट्टी. सगळं नियमात बसणारं. तुझ्या जागी मीही पेटी तिथंच ठेवली असती, त्या जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याच्या कडेला. मी पोचले तेव्हा हेझल गेलेली होती. घरी आणली, सफरचंदाच्या झाडाखाली पुरली, तुला फोन केला. त्यात आणखी काय सांगायचं.

बरं, कुत्रेवाले तरी शहाणे असतील म्हणावं, तर तेही नाही. मंगळवारी त्यांच्या संघटनेचा एक माणूस शहरातून आला. ग्रेडन म्हणून. नवेकोरे बूट, गळ्यात कॅमेरा. मी कॉफी दिली, दालचिनीची पोळी दिली. तर म्हणतो, "बाई, तिचा गळपट्टा हातात धरून एक फोटो द्याल का? खिडकीपाशी बसा, उजेड छान आहे."

मी म्हटलं, "माझा चेहरा असाच आहे, उजेडानं काही फरक पडायचा नाही."

"या सापळेवाल्यांना एकदाचं हाकलूनच दिलं पाहिजे. तुम्हाला नाही वाटत?"

"तुझ्या डोक्यामागे खुंटीवर टोपी आहे बघ. मिंकच्या कातड्याची. मीच पकडलेला, मीच सोललेला, मीच शिवलेली. चाळीस वर्षं सापळे लावतेय मी. आता कुणाला हाकलायचं?"

त्याची कॉफी तशीच राहिली. जाताना मोठ्या मायेनं म्हणाला, "तुम्हाला धक्का बसलाय." म्हटलं, "मला नाही, तुला बसलाय. पायरी निसरडी आहे, जपून उतर." आणि त्या नव्या बुटांनी तो घसरलाच.

तेव्हा मी त्यांच्याकडून येणार नाही आणि तुमच्याकडूनही येणार नाही. माझं दुःख कुणाच्या फलकावर चिकटवायला मिळणार नाही.

कॅरनसाठी ब्लूबेरीच्या जॅमच्या दोन बरण्या ठेवल्यात. जाता येता घेऊन जा, पण जॅमपुरताच ये.

व्हर्ना

*

टॅमरॅक बेंड
शुक्रवार, १५ नोव्हेंबर

प्रिय डेल,

तुझं उत्तर आलं. ख्यालीखुशाली काही नाही, नुसत्या तीन ओळी. 'तू नको करूस. मी करतो. वर्गातला सापळा क्लबच्या कपाटातून काढून ठेवलाय.' म्हणजे मीही आज नमस्कार-चमत्कार गाळले तर चालतील.

तीच तिसरी ओळ मी दोन दिवस घेऊन बसलेय. आता लिहायलाच हवं.

मी तुला खोटं सांगितलं. तुला, पाद्रीबाबांना, पोस्टातल्या मार्जला, त्या कॅमेरेवाल्याला, सगळ्यांना. मी पोचले तेव्हा हेझल जिवंत होती.

तुला ठाऊक आहे ती कशी काम करायची. गळ्यात घंटा. घंटा वाजतेय तोवर ती हुंगत फिरतेय, घंटा थांबली की समोर पक्षी आहे आणि ती पुतळ्यासारखी उभी आहे. त्या दिवशी ओढ्याच्या पलीकडे घंटा थांबली. मला आनंद झाला, डेल. मी बंदूक सरळ केली आणि पाय न वाजवता, वाळकं पानसुद्धा चुकवत, हळूहळू गेले. पक्षी उडू नये म्हणून! तीनशे पावलं असतील. आपल्या लोकांखेरीज असं कोण करेल सांग. दुसऱ्या कुणाचं कुत्रं गप्प झालं असतं तर ते धावत सुटले असते. मग घंटा एकदा वेडीवाकडी खणखणली तेव्हा कुठे मी पळाले.

डोकं पेटीत, मागचे पाय माती उकरतायत. मला बघून शेपटी हलवली तिनं.

तिला बांधायचा पट्टा माझ्या खिशात होता, नेहमी असतो. वर्गात सांगते तेच केलं. पट्ट्याचा फास पायाखाली दाबला, दुसरं टोक स्प्रिंगच्या दोन्ही कड्यांतून ओवून परत खाली आणलं आणि वर ओढलं. स्प्रिंग हलेना. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून ओढलं तेव्हा निम्मी दबली. ती गुदमरत होती, उसळत होती, साखळी खेचत होती. तिचे ते लांब केस कड्यांत अडकत होते. माझ्या अंगठ्याला चावली. चाव म्हटलं बाई, हवं तेवढं चाव. पहिल्या स्प्रिंगला, ती दबलेलीच राहावी म्हणून असतो तो आकडा बसला. दुसरीला पट्टा ओवताना दोनदा निसटला. मी तिच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

मग ती शांत झाली. ती शांत झाल्यावर मला सापळा अगदी नीट सोडवता आला. एका मिनिटाच्या आत.

आता तुझ्या तिसऱ्या ओळीकडे येते. वर्गातला सापळा. बावीस वर्षं आपण तोच वापरतोय. दर ऑक्टोबरला पॅनकेकच्या न्याहारीनंतर तोच टेबलावर, तोच कापडाचा कुत्रा, तू घड्याळ धरून उभा. हजारो वेळा दाबून त्याच्या स्प्रिंगा इतक्या मऊ पडल्यात की मार्जची नात दोन बोटांनी उघडते. हे तुलाही माहीत आहे. माहीत नाही असं म्हणू नकोस, कारण तूच एकदा विचारलं होतंस, "नवा आणू का गं? हा लोण्यासारखा झालाय." मी म्हटलं, "असू दे, शिकणाऱ्यांचा धीर वाढतो." तेव्हा तेवढंच मनात होतं, शपथ घेऊन सांगते.

पण तीन वर्षांपूर्वी हीच समिती आली होती. त्या दिवशी क्लबच्या कपाटात नवा सापळाही होता. मी दोन्ही हातात घेतले, दोन्ही दाबून पाहिले, आणि मऊ उचलला. नकळत नाही. समजून उमजून. समितीसमोर अठ्ठेचाळीस सेकंदांत सोडवला आणि म्हणाले, "नियम कशाला हवाय? कुत्रेवाल्यांनी एक पट्टा खिशात ठेवावा आणि माझ्या वर्गाला यावं." टाळ्या पडल्या. तू शिट्टी वाजवलीस. पेट्या जमिनीवरच राहिल्या.

तुझी पेटी त्या रस्त्याच्या कडेला होती ती माझ्यामुळे होती. हेझल मी मारली म्हणत नाही, तसलं रडगाणं मला येत नाही. पण त्या टाळ्या मी घेतल्यात, तर हेही मीच घेणार.

आणि माझ्या वर्गाला आलेली सव्वादोनशे माणसं आज खिशात पट्टा घेऊन निर्धास्त जंगलात हिंडतायत. व्हर्नानं दाखवलंय, एक मिनिट लागतं. मला झोप कशी लागावी?

तेव्हा एकवीस तारखेला मी येणार आहे. तुझ्या मऊ सापळ्याच्या शेजारी, ज्यात ती गेली तो सापळा मी ठेवणार. समितीतल्या कुठल्याही धडधाकट माणसानं पुढे यावं आणि आधी मऊ उघडून दाखवावा, मग हा. त्यानंतर मी तीन वर्षांपूर्वी काय केलं ते सांगणार, हेझल जिवंत होती तेही सांगणार. 

सापळे बंद करा असं मी म्हणणार नाही. ग्रेडननं तसं म्हटलं तर त्याच्याशीही भांडेन, आणि चांगली भांडेन. या हिवाळ्यात माझे मिंकचे सापळे ओढ्यात लागणारच आहेत. पण पेट्या झाडावर जाऊ देत. रॅकून झाडावर चढतो, सेटर चढत नाही. यात कुणाला काय समजायला अवघड आहे? कमी मिळतील म्हणशील. मिळू देत कमी. आज मासळी पाहिजे तिथे टाकता, उद्या शिडी घेऊन जावं लागेल म्हणून कुरकुरायचं, एवढाच काय तो आपला मोठा हक्क?

क्लबवाले माझं नाव काढून टाकतील. त्यांच्यातला ऑर्विल कॅफेत तोंड फिरवून बसेल. बसू दे. त्याचं तोंड समोरून तरी कुठे बघण्यासारखं आहे. मला पासष्ट वर्षं झाली, मला आता कुणाच्या शेजारची खुर्ची नकोय.

तुला मात्र दुखेल, हे मला कळतं. सापळ्यावर तुझ्या नावाची पट्टी आहे. काढून टाकू का, असं दोन दिवस मनात घोळवलं. पक्कड घेऊन बसलेसुद्धा. नाही काढली. कुणाचा सापळा ते कळलंच पाहिजे म्हणून पट्टी असते, आणि सापळेवाले तोंड लपवत नाहीत असं आपण दोघंच सगळीकडे सांगत फिरतो. समितीनं विचारलं तर मी तुझं नाव मोठ्यानं वाचणार. भाऊ आहेस म्हणून गिळून टाकणार नाही. एकदा गिळलं, ते अजून घशात आहे.

म्हणून आधी लिहितेय, पाठीमागून नाही. नाव वाचल्यावर लोक थांबतील, पुढे काय म्हणते ते बघतील. तिथं मला म्हणायचंय, 'यानं आपल्या सगळ्या पेट्या कुणी सांगायच्या आधी झाडावर चढवल्या.' खोटं मी आता एक शब्द बोलणार नाही, तेव्हा ते खरं असेल तरच म्हणेन. नसेल तर नुसतं नाव वाचेन आणि खाली बसेन.

तुझ्या अकरा पेट्या अजून जमिनीवर आहेत. काल मी रस्त्यानं चालत जाऊन मोजल्या. तुझ्याकडे सहा दिवस आहेत.

उत्तर पाठवू नकोस. शिडी घे.

तुझी थोरली बहीण,
व्हर्ना