नऊ वर्षांपूर्वीची सही

सोमवार, ३ जून
आज पुन्हा जहाजांच्या ऑफिसात. बाळी कडेवर. ह्यांचं जहाज परक्या बंदरात पाच महिने अडकलंय, मालक पळाला, पाच जण वर, खाली उतरू देत नाहीत. झेंडा तर आपल्याच देशाचा – मग आणायचं कोणी? कारकून म्हणतो, "सगळ्या देशांचा करार आहे बाई. मालक पळाला तर झेंडेवाल्या सरकारने माणसं घरी आणायची. आपण सहीपण केलीय. पण आपल्याकडे त्याचा कायदाच केला नाही अजून." मग सही कशाला केली? "सही म्हणजे लग्न ठरलं. लागायचंय!"
सासूबाईंना सांगितलं. "कधी ठरलं?" नऊ वर्षं झाली म्हटलं. "अगंबाई! नवरी म्हातारी झाली की!" हसलो दोघी. मग मोरीत जाऊन रडले.

गुरुवार, ६ जून
बाळीच्या हृदयाला भोक आहे. ऑपरेशन २४ तारखेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वडील जवळ असले तर बरं."
सासूबाई म्हणतात, तिकडे कळवायचं नाही. पाण्यावरच्या माणसाला घरचं वाईट सांगत नाहीत – करणार काय तो, उडी मारणार? सासरे जहाजावर होते तेव्हा ह्यांना टायफॉइड झाला, तरी पत्रात 'सगळे मजेत'.

शनिवार, ८ जून
फोन आला, दोन मिनिटं. "बाळी कशी आहे?" मस्त, म्हटलं. गुटगुटीत! जीभ कशी झडली नाही माझी.

बुधवार, १२ जून
खलाशांच्या युनियनच्या ताई म्हणाल्या, कायदा मंगळवारी संसदेत येतोय. आला नाही तर? पुढच्या वर्षी.

मंगळवार, १८ जून
झाला!! संसदेबाहेर फाटकाशी उभ्या होतो आम्ही चार बायका. ताई धावत आल्या. "एक खासदार विचारत होता, एवढी घाई कशाला!" हात वर करायला पाच मिनिटं लागली म्हणे. त्या पाच मिनिटांसाठी नऊ वर्षं!

शुक्रवार, २१ जून
कारकुनाने स्वतः बोलावलं. रविवारचं विमान. यादी दाखवली. बोट ठेवून ठेवून वाचली. चार नावं. ह्यांचं नाही.
बंदराचा नियम आहे – जहाज रिकामं सोडायचं नाही. बदली माणूस येईपर्यंत एकाने थांबायचंच. किती दिवस? "दोन महिने, चार महिने." ह्यांनाच का? "ते त्यांनी आपापसात ठरवलं, बाई."

शनिवार, २२ जून
फोन आला. तडकलेच मी – तुम्हीच का? आवाज अगदी शांत. "अगं, कुणाची आई अंथरुणाला, कुणाच्या बायकोचे दिवस भरत आलेत. आपल्याच घरी तेवढं सगळं बरं आहे. म्हणून मीच म्हटलं, थांबतो."
फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी हात पुढे केला. "दे इकडे. मी सांगते त्याला बाळीचं."