अमरेशला दाखवायचे ब्रेक

२ नोव्हेंबर, रविवार
मेव्हण्याकडे वास्तुशांत. पंगत बसली असताना मी गाडी आणून दारात उभी केली. अमरेश सगळ्यांदेखत म्हणाला, दाजी, तुमचे ब्रेक लई वरडलालेत की, पॅड संपले बघा. पंगत हसली. अमरेश म्हणजे हाच मेव्हणा, माझ्या बायकोचा, श्रीदेवीचा, धाकटा भाऊ. सात रस्ता चौकाजवळ गॅरेज आहे, म्हणून जिभेला हाड नाही. मी पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. पाने, बेअरिंग, सगळं माझ्या सहीनं बाहेर जायचं. आणि हा मला पॅड शिकवतो.
सूड घेणार. ब्रेकला हात लावू देणार नाही. याच ब्रेकवर गाडी चालवून त्याचं तोंड बंद करणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आवाज येतो, मान्य. सोलापुरात धूळ फार. काचा वर केल्या, गाणी मोठ्यानं लावली. आवाज बंद.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ११
पेडल हल्ली पार खाली जातं. कारण सापडलं. नव्या चपलेचा सोल पातळ आहे. उद्यापासून बूट.
सुडाचा प्लॅन तयार. धनलक्ष्मीला, आमच्या एकुलत्या एक लेकीला, पहिल्या बाळंतपणासाठी मैंदर्गीहून माहेरी आणायचं आहे. वीस तारखेला ओटी भरून निघायचं. मामा सोबत लागणारच. त्याला पुढच्या सीटवर बसवणार, लेक आणि श्रीदेवी मागे. पन्नास किलोमीटर चालवून थेट त्याच्या गॅरेजसमोर, त्याच्या कामगारांदेखत, करकचून ब्रेक. मग बोलणार. भाषण लिहायला घेतलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. दृष्ट लागली. कुणाची ते सांगायला नको. लिंबू-मिरची बांधली, चारी चाकांना विभूती लावली. तोवर स्टिअरिंग आधीच थोडं उजवीकडे धरतो. अनुभव कामी येतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
समोर लाल दिवा लागला. वर्तुळात उद्गारचिन्ह. म्हणजे लक्ष द्या. दिलं. श्रीदेवीची मोठी काळी टिकली त्यावर चिकटवली.
संध्याकाळी सिग्नलला गाडी थांबता थांबता जरा पुढे गेली आणि केराबाईच्या भाजीच्या गाड्याला टेकली. जेमतेम. वांगी रस्त्यावर. बाई म्हणाली, डोळं कुटं ठिवलं हायती. शिवाय ब्रेकचा करकर आवाज गाण्यांवरूनही ऐकू आला. नवीन गाणी डाउनलोड केली पाहिजेत.
श्रीदेवी तिथंच उतरली आणि चालत घरी गेली. म्हणते, माझी पोटुशी लेक या गाडीत बसणार न्हाय. म्हणालो, लेक माझी, गाडी माझी.

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ६
दुपारी दोन ते पाच गाढ झोप. उठलो तर गाडी उलट्या तोंडानं उभी. मीच तशी लावली असणार. एक चक्कर मारली. आवाज नाही, ओढणं नाही, पेडल टणक. टिकली गळून पडलेली आणि दिवाही विझलेला. विभूती लागू पडायला सहा दिवस घेते, नोंद करून ठेवतो.
श्रीदेवी आपणहून म्हणाली, जाऊ या आपल्याच गाडीनं. नमली. भाषण वाढवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी ७
फत्ते. येताना वळसंगच्या अलीकडे शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ऐंशीवर होतो. ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी. धनलक्ष्मीनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. घाबरली, पण ठीक आहे.
भाषण तिथूनच सुरू केलं. म्हटलं, तुमचा धंदा लोकांना घाबरवण्यावर चालतो. म्हटलं, अडाणी माणसानं शहाण्याला शिकवू नये. अमरेश समोर बघत, बरं दाजी, बरं दाजी, एवढंच म्हणत होता. उरलेलं गॅरेजसमोर, सगळ्यांदेखत, काच खाली करून. त्याचे कामगार खाली बघत होते. असा गारवा फार वर्षांनी वाटला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी धनलक्ष्मीची औषधांची पिशवी काढायला डिकी उघडली. स्टेपनीच्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार पॅड. दोन तर पार लोखंडापर्यंत झिजलेले. हे मी ओळखतो, एकतीस वर्षं हेच केलं.
श्रीदेवी भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता सांगितलं. रविवारी तुम्ही झोपलेला, किल्ली मीच दिली. अमरेश म्हणाला, अक्का, दाजींना सांगू नगंस, त्यांना काय बोलायचं ते बोलू दे, पोरगी तेवढी नीट घरी येऊ दे.
शेळ्या आठवल्या. ऐंशीचा काटा आठवला. पॅड हातात घेऊन पायरीवर बसलो. आत धनलक्ष्मी झोपली होती, दार उघडं होतं.
मग अमरेशला फोन लावला. त्यानं आधी विचारलं, पोरीला झोप लागली का नीट. लागली, म्हणालो. मग म्हणालो, डिकीत पॅड सापडले. तो म्हणाला, ठेवतो दाजी, गिऱ्हाईक आलंय.