मनोऱ्यातली काच

२ डिसेंबर
छावणीतलं चर्च. मनोऱ्याच्या भिंतीत तडा, टोकदार कमानीपासून वर घंटेच्या तुळईपर्यंत. त्यावर आडव्या काचपट्ट्या चिकटवल्या. तडा हलला तर काच फुटेल. तडा स्थिर आहे हे कळेपर्यंत घंटा बंद, असं तपासणी अहवालात लिहून दिलं.
घंटा वाजवणारे योहानकाका खाली थांबले होते.
"नाताळला बी?"
"नाताळलाही."
तरी त्यांनी चहा पाजला.

७ डिसेंबर
रिक्षावाल्याला फक्त ‘चर्च’ म्हटलं की पुरतं. आज त्यानेच विचारलं, "मॅडम, घंटा कामून बंद?" मी भाडं मोजून दिलं.
काच शाबूत. यो. काकांची सून देवगावहून बाळ घेऊन यायची आहे. नातीचा पहिला नाताळ. "तिला घंटा ऐकवायची व्हती," एवढंच म्हणाले. मी टेप गुंडाळत राहिले.

११ डिसेंबर
भिंतीला त्रास घंटेच्या वजनाचा नाही, झोक्याचा. घंटा जागच्या जागी बांधून हातोड्याने ठोकली तर? काकांना सांगितलं. आधी ‘बरं’ म्हणाले, मग ‘बघू’.
चाचणी घेतली. एक ठोका, थांबायचं, पुन्हा एक. मी काचेपाशी. काही नाही, साधा ओरखडाही नाही.
खाली आले तर फाटकात बायका, डोक्यावर पदर. "कोण गेलं वो?"
मयतीला अशीच वाजवतात. मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.
"काका, सांगायचं ना."
"तुमी लई खुशीत व्हत्या, ताई."
ते त्यांना कशावरून कळलं, कोण जाणे.

१८ डिसेंबर
काकांकडे. पातेलं उपडं घालून ठेका शोधणं चाललंय. काकू म्हणाल्या, "नात रडती ती येगळी, ह्यांचा बँड येगळा."
मी म्हटलं, ठोके कितीही भराभर चालतील, घंटा हलता कामा नये. नातीकडे बघत म्हटलं बहुतेक. ती हसली.

२५ डिसेंबर
सकाळी वाजली. भराभर, मध्येच अडखळत, पुन्हा भराभर. खरं तर मी काचेपाशी असायला हवं होतं. फाटकात उभी होते.
भाजीवाली थबकली. वर बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
"कुणाचं बारसं हाय का, बाई?"
"हो," म्हटलं.

काच अजून बघितलेली नाही. वर जायला निघाले तर काकूंनी नात माझ्याकडे दिली आणि त्या केक कापायला गेल्या. आता झोपलीय मांडीवर. एका हाताने लिहितेय. उठली की