दोष ट्रायपॉडचा आहे

३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७

निर्णय झाला. ट्रायपॉड घ्यायचा. स्वस्त आणि मजबूत.

काल गजबादेवीच्या सड्यावरून, समुद्राकाठच्या त्या कातळपठारावरून, काढलेले फोटो कॉम्प्युटरवर पाहिले. एकशे बारा. एकशे बाराही हललेले. समुद्राला दोन-दोन क्षितिजं. एका होडीला चार वल्ही.

शांतपणे विचार केला. कॅमेरा चांगला आहे, सेकंडहँड असला म्हणून काय झालं, आधीचा मालक त्यावर लग्नं काढायचा. लेन्स उत्तम. नजर तर ड्रॉइंग मास्तरची, चौतीस वर्षांची. राहिलं काय? आधार. कॅमेऱ्याला आधार नाही.

जानकी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "फोटो हलूक नाय. तुमचो हात हलता."

बायकोला टेक्निकल गोष्टी समजावत बसू नये.

५ नोव्हेंबर

समीक्षा मॅडमचा फोन. आमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. मी रिटायर झाल्यापासून शाळेतून आलेला पहिलाच फोन. दोन वर्षं झाली. शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत, कॅलेंडर काढायचंय. बारा महिने, आमच्या मिठबाव गावची बारा चित्रं. "सर, पेन-अँड-इंक तुमच्यासारखं कोण करणार?"

मी म्हणालो, मॅडम, स्केच आता जुनं झालं. फोटो देतो. मी माध्यम बदललंय.

त्यांनी "स्केच नाही?" असं दोनदा विचारलं. रेंज नसावी. मग म्हणाल्या, बरं सर, दहा डिसेंबरपर्यंत द्या.

बारा फोटो. पस्तीस दिवस. रोज एक चांगला फोटो काढला तरी तेवीस फोटो जास्तच होतात.

संकल्प: १. पहाटे पाचला उठणे. २. ट्रायपॉडचा अभ्यास. ३. चहा कमी.

८ नोव्हेंबर

अकरा व्हिडिओ पाहिले. पाचला उठलो नाही, कारण व्हिडिओ बघता बघता झोपायला उशीर झाला. अभ्यासाला वेळ द्यावाच लागतो.

वहीत तक्ता केला. अॅल्युमिनियम की कार्बन फायबर. कॅमेरा बसतो ते डोकं: बॉल हेड की पॅन हेड. पायांना खटके की पिळायचे लॉक. (खटक्यात वाळू जाते. पिळायच्या लॉकमध्येही जाते. पण कमी.) किती वजन पेलतो. माझा कॅमेरा लेन्ससकट सव्वा किलो; मी पाच किलोवाला बघतोय. खाडीवरचा वारा धरायला हवा.

भाई आला होता. भाई म्हणजे शेजारी, आमची मैत्री बिगरीपासूनची. त्याची हापूसची बाग आमच्या कुंपणाला लागून. तक्ता पाहून म्हणाला, "लवू, तुका फोटो काढूचे आसत काय मांडव घालूचो आसा?"

भाईला कलेतलं कळत नाही, पण माणूस चांगला.

चहा बशीत सांडला. जानकी हल्ली कप काठोकाठ भरते. दोनदा सांगून झालं.

१२ नोव्हेंबर

ट्रायपॉड आला. ऑनलाइन. चौदा हजार लोकांनी चांगला म्हटलेला. बॉक्स उचलला तेव्हाच शंका आली, रिकामा असल्यासारखा हलका.

संध्याकाळी तांबळडेगच्या किनाऱ्यावर नेला. भाईही आला. तिन्ही पाय उघडले. एक पाय आपल्या मर्जीने हळूहळू आत जात होता. कॅमेरा लावला की मान खाली घालतो, शाळेत पाढे न येणाऱ्या पोरासारखा. तरी चाळीस फोटो काढले. सगळे हललेले. यावेळी कारण स्पष्ट: प्लॅस्टिक.

मध्येच भाई म्हणाला, मी एक दाबून बघतो. त्याने दाबला. तो फोटो निघाला ठीक. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढणाऱ्यांच्या हातातला दोर न दोर मोजून घ्यावा असा.

नेमका तेव्हा वारा थांबला होता.

१३ नोव्हेंबर

ट्रायपॉड परत पाठवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "स्थिरता नाही."

१६ नोव्हेंबर, शनिवार

अक्षयाचा फोन. आमची मुलगी, कोल्हापूरला नोकरीला असते. आधी जानकी फोन घेऊन मागच्या पडवीत गेली, बराच वेळ हळू आवाजात बोलली. मग मला दिला. अक्षया म्हणाली, बाबा, इथले मेंदूचे डॉक्टर एकाआड एक शनिवारी कणकवलीला येतात, तुमचा नंबर लावलाय, तेवीस तारखेला दुपारी बारा.

मी म्हणालो, माझ्या मेंदूला काय झालंय? पाच प्रकारची बॉल हेड्स पाठ आहेत मला.

ती म्हणाली, बाबा, प्लीज.

तेवीसला मला तसंही कणकवलीला जायचंच होतं. तिथे कॅमेऱ्याचं मोठं दुकान आहे. ट्रायपॉड हात लावून, वजन टाकून घ्यायचा असतो. ऑनलाइन घेणं हीच चूक होती. डॉक्टरचं जाता जाता होईल.

कॅलेंडरचे फोटो झाले: शून्य. पण तयारी पक्की होतेय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळच्या एसटीने कणकवली. जानकी फाइल घेऊन बरोबर. फाइलमध्ये काय ते विचारलं नाही.

दुकान साडेदहाला उघडलं. मालक समर्थ, पोरगेला पण जाणकार. मी माझा तक्ता दाखवला. त्याने आठ ट्रायपॉड काढून रांगेत उभे केले. काय दृश्य! मी एकेकावर कॅमेरा चढवून व्ह्यूफाइंडरमधून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी बघत होतो. आठही ट्रायपॉड हलत होते. पाटीवरची अक्षरं पाण्यात असल्यासारखी.

समर्थ म्हणाला, "काका, एकदा हात सोडून बघा."

हात सोडला. पाटी थांबली.

परत धरला. परत पाटी पाण्यात.

मी त्याला सांगितलं की दुकानाची फरशी समतल नाही. तो म्हणाला, असेल काका.

शेवटी सगळ्यात जड होता तो निवडला. अडीच किलो. मधल्या दांड्याला वजन टांगायला हुक. बजेटच्या थोडा बाहेर, पण आयुष्यभराची वस्तू. समर्थने दोन सेकंदांचा टायमर कसा लावायचा तेही दाखवलं; बटण दाबून हात काढून घ्यायचा. मी म्हणालो, माहीत आहे. माहीत होतं, पण फोटोग्राफरचा कॅमेऱ्याला स्पर्श हवा असतो.

हे सगळं होईपर्यंत एक वाजून गेला. जानकी दुकानाबाहेर स्टुलावर बसली होती, फाइल मांडीवर. धावत दवाखान्यात गेलो तर नंबर गेलेला. आता सात डिसेंबरचा मिळाला.

परतीच्या एसटीत जानकी खिडकीबाहेर बघत होती. ट्रायपॉड माझ्या पायांत उभा. मी म्हणालो, बघ, काय जड आहे. ती म्हणाली, "होय. दगडासारखो."

कौतुकच म्हणायचं.

२५ नोव्हेंबर

घरात ट्रायल. कॅमेऱ्याच्या बुडाला एक पट्टी स्क्रूने बसवायची, मग पट्टी ट्रायपॉडच्या डोक्यात सरकवून खटका दाबायचा. स्क्रू बारीक आहे. खाचेत धरतच नाही. पाऊण तास. नंतर कळलं की डिझाइनच चुकीचं आहे.

जानकी भात ठेवून आली, एक रुपयाचं नाणं खाचेत घातलं, दोन वेढे दिले. बसली पट्टी.

म्हणाली, "तुमी शर्टाची बटणा लावूक किती वेळ घेतात म्हायत आसा?"

नवीन शर्टाची काजं लहान शिवतात. यावर बोलून उपयोग नाही.

संकल्प: टायमर वापरणे. कलेशी तडजोड नाही, पण हरकतही नाही.

२८ नोव्हेंबर

पाऊस नाही, ढग नाहीत, प्रकाश उत्तम. आज गेलो नाही. प्रकाश फार उत्तम असला की फोटो ग्रीटिंग कार्डासारखे गोड येतात.

१ डिसेंबर, रविवार

पहाटे पाचला उठलो. उठलो! भाईला घेऊन गजबादेवीच्या सड्यावर. पूर्वेकडे तांबडं फुटत होतं, खाली होड्या परत येत होत्या, कातळ अजून गार. कॅलेंडरचा जानेवारी समोर उभा होता.

ट्रायपॉड रोवला. काय उभा राहिला! हुकाला भाईची पाण्याची बाटली टांगली. हलायचं नावच नाही. कॅमेरा पट्टीसकट ट्रायपॉडच्या डोक्यात सरकवायचा तेवढा बाकी.

भाई म्हणाला, "दी, मी लावतंय."

मी म्हणालो, माझा कॅमेरा आहे. फोटो मी काढणार.

तो परत म्हणाला, "लवू, माका लावूक दी रे."

मी सरकवला. खटका दाबला. खट् असा आवाज आला, म्हणजे बसला असं मला वाटलं. हात काढला. कॅमेरा पुढे झुकला, ट्रायपॉडच्या एका पायावर आपटला आणि कातळावर. लेन्स सुटून बाजूला घरंगळत गेली. भाई धावला, पण ती कडेवरून खाली गेली.

ट्रायपॉड जागचा हलला नाही.

आम्ही दोघे तिथेच बसलो. मी म्हणालो, वारा फार आहे आज.

भाईने खाली समुद्राकडे बघितलं. तेल ओतल्यासारखा पडला होता. म्हणाला, "आज वारो नाय, लवू."

मग त्याने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि धरूनच बसला. बिगरीपासूनची मैत्री, पण असा हात त्याने कधी धरला नव्हता. त्याच्या हातातही माझा हात थांबला नाही. सूर्य पूर्ण वर आला. फोटो राहिला.

२ डिसेंबर

समीक्षा मॅडमना फोन केला. सांगितलं, कॅमेरा सर्व्हिसिंगला आहे, थोडी मुदत हवी. त्या म्हणाल्या, सर, अजिबात काळजी करू नका, पालकांनी मोबाईलवर काढलेले खूप फोटो आलेत, त्यातून बारा निवडलेही. "तुमचं नाव मार्गदर्शक म्हणून घालते."

मी विचारलं, सगळे फोटो स्थिर आहेत? त्या म्हणाल्या, हो सर, एकदम.

मोबाईलच्या फोटोला खोली नसते. मार्गदर्शन करायला हवं होतं, पण त्यांनी फोन ठेवला होता.

७ डिसेंबर, शनिवार

बाराला दवाखान्यात हजर. जानकीने सकाळपासून माझ्या दंडाला धरून ठेवलं होतं, एसटीतसुद्धा.

डॉक्टर तरुण आहेत. चालायला लावलं, वळायला लावलं, बोटं आपटायला लावली. मग कागद दिला आणि आतून बाहेर गोल गोल वेटोळं काढा म्हणाले. चौतीस वर्षं मी फ्रीहँड शिकवलं. फळ्यावर एका दमात काढलेलं माझं वर्तुळ पोरं कंपासने तपासायची आणि गप्प बसायची.

पेन चांगलं नव्हतं. डॉक्टरांनी दुसरं दिलं. दुसरंही चांगलं नव्हतं.

कागद टेबलावर पडला होता. जानकी त्याच्याकडे बघत होती. एवढी वर्षं माझ्या हाताखाली काय काय कागदावर येताना तिने बघितलंय. तिने पदर तोंडाला लावला.

पार्किन्सन म्हणाले. दोन-तीन वर्षं आधीच सुरू झालं असणार म्हणाले. तुम्ही चित्रं कधी बंद केलीत, असं विचारलं. मी सांगितलं, बंद केली नाहीत, माध्यम बदललं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

जानकीने विचारलं, "हात बरो होतलो काय?" डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी ताब्यात राहील. बरं होईल असं म्हणाले नाहीत. मी लक्ष देऊन ऐकत होतो.

१५ डिसेंबर, रविवार, सकाळी साडेदहा

आजची नोंद जानकी लिहिते आहे. मी सांगतो, ती लिहिते. काल मी लिहिलेलं अर्धं पान मलाच वाचता आलं नाही. ही तात्पुरती व्यवस्था आहे, गोळ्या लागू पडेपर्यंत. तिचं अक्षर बरं आहे, वेलांट्या मात्र चुकतात. (चुकणत नाय. जानकी.)

लिहायला बसण्याआधी तिने मागची पानं वाचली. एका जागी हसली. एका जागी उठून आत गेली आणि डोळे धुऊन आली. कुठली जागा ते मी विचारलं नाही.

हात आज सकाळपासून पुष्कळ बरा आहे. (नाय. जानकी.)

मी तिला सांगितलं की मी म्हणतो तेवढंच लिहायचं. तिने हेही लिहिलं.

नवीन संकल्प. १. रोज सकाळी सड्यापर्यंत चालणे. २. डाव्या हाताने रेघा मारायचा सराव, रोज एक तास. ३. वर्षभरात कणकवलीला स्वतःचं प्रदर्शन, किमान चाळीस फ्रेम, उद्घाटनाला समीक्षा मॅडम, आणि त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे

जानकी म्हणते, हात दुखलो, पुरे.