मितेशच्या लग्नात धवला कोण गाणार

३ फेब्रुवारी
आवाज पार फाटलाय. फोनवर गॅसवाला मला ‘काका’ म्हणाला!
भाच्याचं, मितेशचं लग्न महिनाअखेरीला. आगऱ्यांच्या लग्नात एकेक विधीला धवल्याचं गाणं लागतं, आणि ते गाणाऱ्या गावात दोघीच – मी आणि राहीबाई. तिचं नाव निघालं तरी माझं डोकं फिरतं.

५ फेब्रुवारी
संध्या आली होती. धाकटी बहीण, पण आता वरमाय. मान खाली घालून म्हणाली, “ताय, राहीबाईला सांगितलंय. तुजा गला बसलाय ना.”
सख्खी मावशी मी! मांडवात काय नुसती जेवायला जाऊ?
राहीबाई गावभर सांगत सुटलीय – दम्याच्या पंपानं काशीचा गळा जळला, स्टिरॉइड हाय त्यात. म्हणून रोजचा पंप आजपासून बंद.

८ फेब्रुवारी
आवाज तसाच, वर धाप. जिना चढताना पहिल्या मजल्यावरच फतकल मारून बसले. अडीअडचणीचा निळा पंप होता म्हणून निभावलं.

९ फेब्रुवारी
ऐरोलीच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारली. जिभेवर बुरशी! शिळ्या पावाला येते तशी.
“पंपानंतर चूळ भरता का?”
“भरते की. आणि गिळते.” एवढं महागाचं औषध थुंकायचं कशाला? मी आपली तीर्थासारखी पिते.
बाई आधी हसल्या, मग झाडलं. रोजचा पंप आपल्या मनानं बंद करायचा नाही, दमा उसळतो. औषध छातीत जायला हवं, तोंडात-घशात बसलं की हे असं होतं. पंपाला लावायची नळी दिली, तोंडासाठी थेंब दिले. पंप घेतल्यावर गुळण्या करायच्या आणि थुंकायच्या. साठीला आले, आता थुंकायला शिकतेय.

१६ फेब्रुवारी
भांडी घासताना अख्खा धवला म्हटला. कुठे अडकले नाही! पण संध्या शब्द देऊन बसलीय. नळ सोडून रडले.

१७ फेब्रुवारी
राहीबाई मागच्या दारानं आली. आवाज माझा होता त्याच्या वरताण फाटका. कमरेच्या पिशवीतून पंप काढला, माझ्यासारखाच. लपून घेते म्हणे, कित्येक वर्षं. जीभ पांढरीफटक.
“काशे, कोनाला सांगू नको. लग्नापर्यंत गला सुटंल ना?”
नाही म्हटलं असतं तर धवला माझा होता. उद्या तिला डॉक्टरीणबाईंकडे नेतेय. गाऊ दे मेलीला.