तळटिपेतली ताई

तीर्थस्वरूप भावोजी यांच्या चरणी, गुडघ्यांच्या मर्यादेमुळे कमरेपर्यंतच वाकून, परंतु मनाने संपूर्ण घातलेला नमस्कार.

प्रस्तुत पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : मी माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आपल्या पत्नीला, घाबरत नाही. विधान आरंभीच मांडले म्हणजे वाचणाऱ्याला पुरावा तपासणे सोपे जाते, असे मी महाविद्यालयात चौतीस वर्षे तर्कशास्त्राच्या तासाला सांगितले आणि विद्यार्थ्यांनी ते चौतीस वर्षे पेंगत ऐकले. आपला कान कसा आहे? यंत्र लावता, की ते खणात ठेवून "ऐकू येत नाही" म्हणता? (दुसरा पर्याय मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्या घरात पन्नास वर्षे सुखाने काढण्यामागे काही पद्धत असणारच.) माझी प्रकृती उत्तम आहे. अन्न जात नाही आणि जिन्यात पावले वाजली की मी दाराची कडी तपासून येतो. एरवी तक्रार नाही.

आपणांस ठाऊक नसेल, पण मी लघुकथा लिहू लागलो आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी नवोदितांचा वर्ग भरतो आणि एकोणसत्तराव्या वर्षी मी नवोदित आहे. शिकवणाऱ्या बाई माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढ्या असून खुर्ची रिकामी असताना टेबलावर बसतात. माझी पहिली कथा वाचून त्यांनी विचारले, "काका, यात घडतं काय?" मी सांगितले की नायक दोन पर्यायांचा विचार करतो आणि दोन्ही नाकारतो. "मग?" मग कथा संपते, कारण तिसरा पर्याय संभवतच नाही. यावर माझ्या शेजारी बसणारे दंतवैद्य (यांच्या नायिका पहिल्याच परिच्छेदात हसतात, आणि हसताना वरच्या अक्कलदाढांपर्यंत दिसतात) म्हणाले, "छान आहे. सुईशिवाय भूल चढते." बाईंनी त्यांना गप्प केले आणि मला म्हणाल्या, "काका, तुम्हाला खरोखर कशाची भीती वाटते, ते लिहा."

मी घरी येऊन पद्धतशीर यादी केली आणि एकेक भय कारण देऊन खोडले. साप : तिसऱ्या मजल्यावर येत नाही. वीज : इमारतीवर तार बसवली आहे. मृत्यू : एकदाच येतो आणि नंतर त्याविषयी चर्चा करावी लागत नाही. शेवटी यादीत एकच ओळ उरली : रोज सकाळी सव्वासातला येणारा ताईचा फोन. (यावरून मी ताईला घाबरतो असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मी फोनला घाबरत असेन.) त्या फोनचे स्वरूप आपणांस सांगायला नको. रुग्णालयातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त होऊन तिला अठरा वर्षे झाली, तरी सकाळची फेरी तिने सोडलेली नाही. आता वॉर्डात एकच खाट उरली आहे आणि तीवर मी आहे. "जिवंत आहेस? पोट साफ? रक्तदाबाची गोळी? ठेवते." लहानपणीही रस्ता ओलांडताना ती माझा हात धरत नसे, मनगट धरत असे, म्हणजे पलीकडे पोहोचेपर्यंत नाडीही मोजून होई.

मी ते सगळे लिहिले. कथेतली बहीण माणसांवर माया करत नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवते. हसण्यापूर्वी ती घड्याळ पाहते. मग बाई म्हणाल्या होत्या की काहीतरी घडले पाहिजे, म्हणून एका सकाळी सव्वासात वाजतात आणि फोन येत नाही. साडेसात होतात. पावणेआठला भाऊ स्वतः नंबर फिरवतो, घंटा पुष्कळ वेळ वाजते आणि फोन उचलतात ते आपण, भावोजी. आपण पन्नास वर्षांत एकदाही फोन उचललेला नाही, हे कथेत आधीच नोंदवले असल्यामुळे पुढे काही लिहावे लागले नाही. तिथेच कथा संपते. मी ती वर्गात वाचून दाखवली. दंतवैद्यांनी जबडा मिटला. बाई टेबलावरून उतरल्या आणि त्या दिवशी प्रथमच खुर्चीवर बसल्या.

त्यांनी कथा मासिकाकडे पाठवायला सांगितले आणि एक सूचना केली : ओळख पटू नये म्हणून तीन तपशील बदला. मी काटेकोरपणे तीनच बदलले : चष्म्याची कड, मांजराचा रंग आणि दाराचा क्रमांक. परंतु चौतीस वर्षांची सवय अशी जात नाही. आधार न देता विधान करणे मला चोरीसारखे वाटते, म्हणून शेवटी तळटीप जोडली : "प्रस्तुत पात्र काल्पनिक नाही. आधार : लेखकाची थोरली बहीण, वय ७६, निवृत्त मुख्य परिचारिका, प्रत्यक्ष निरीक्षण, एकोणसत्तर वर्षे. मृत्यू तेवढा लेखकाचा. मूळ मांजर पांढरे आहे." आणि खाली, शंकेखोर वाचकाच्या सोयीसाठी, आपल्या, म्हणजे ताईच्या, घराचा पूर्ण पत्ता.

सोमवारी संपादकांचे पत्र आले. कथा पुढच्या महिन्याच्या अंकात येत आहे, तळटीप विशेष आवडली, ती तशीच ठेवत आहोत आणि संदर्भाची रीतसर पडताळणी करून घेत आहोत. पत्र वाचून मला आनंद झाला. तो सुमारे चार मिनिटे टिकला. पाचव्या मिनिटाला आठवले की हे मासिक ताई एकवीस वर्षे घेते आणि पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचते.

तेव्हा विनंती अशी की, अंक प्रथम आपल्या हाती पडत असल्याने, माझी कथा असलेली पाने आपण धारदार सुरीने शिवणीलगत कापून काढावीत. यात भीतीचा संबंध नाही. एका वृद्ध स्त्रीला स्वतःच्या मृत्यूची बातमी मासिकातून कळू नये, इतकाच हेतू आहे. येणेप्रमाणे मी ताईला घाबरत नाही, हे सिद्ध झाले.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : वरची विनंती आता राहू द्या. खरी गोष्ट वेगळी आहे. मंगळवारपासून ताईचा फोन आलेला नाही. मंगळवार, बुधवार आणि आज गुरुवार. मी सव्वासात ते नऊ फोनसमोर बसतो. तीन वेळा नंबर फिरवायला घेतला आणि शेवटच्या आकड्यावर थांबलो. मी लिहिले म्हणून काही घडत नाही, कथेतून वस्तुस्थिती निष्पन्न होत नाही, हे मला कोणीही शिकवू नये. मी ते फळ्यावर लिहून दिलेले आहे. पण भावोजी, पलीकडून आपण उचललात तर? म्हणून फोनऐवजी पत्र लिहीत आहे. ते पोहोचायला दोन दिवस लागतात, हेही मला कळते. शनिवारी सव्वासातला मी नक्की फोन करीन. हात जोडून सांगतो, घंटा कितीही वाजली तरी आपण उचलू नका.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत असताना फोन वाजला. ताई होती. पडताळणीसाठी संपादकांनी कथेची छापील प्रत थेट तळटिपेतल्या पत्त्यावरच पाठवली होती. तिने ती सोमवारीच वाचली आणि तपासून, सही करून परतही पाठवली. (गोळीचे नाव मी चुकीचे लिहिले होते.) मी विचारले, "मग तीन दिवस फोन का नाही केलास?" म्हणाली, "बघत होते. तुझ्या गोष्टीतला भाऊ अर्ध्या तासात फोन करतो. तू काय करत होतास रे?" मी म्हणालो, "पत्र लिहीत होतो." मग म्हणाली, "जेवलास का?" हा प्रश्न तिच्या यादीत कधीच नव्हता.

आरंभीचे विधान मी मागे घेत नाही. ते असिद्ध राहिले, एवढेच. चूक मात्र एक झाली आणि ती तळटिपेची नाही. मंगळवारी पावणेआठला मी फोन करायला हवा होता. तो केला नाही. ही चूक मला मान्य आहे.

(सही)
ताईचा भाऊ